पॅच तपासावा, वाचू नये

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीतल्या स्थलांतराच्या आज्ञेला नवा पर्याय जोडणारा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, आपल्याकडे तपासणीसाठी आला असेल, तर सर्वप्रथम तो किती ओळींचा आहे ते पाहावे. हजार ओळींचा असल्यास ‘एकंदरीत योग्य वाटते’ एवढे लिहून मोकळे व्हावे, कारण एवढे वाचण्याची अपेक्षा सज्जन माणसे सज्जन माणसांकडून करीत नाहीत. चाळीस ओळींचा असल्यास मात्र आपले भाग्य थोर समजावे. चाळीस ओळींवर कोणालाही मत देता येते आणि संबंध संध्याकाळ सत्कारणी लागते.

विषयाची माहिती अगदीच नसावी असे नाही, चहाच्या वेळी बोलता येईल इतकी असावी. गिटमध्ये ब्रँच (कामाची शाखा) आणि टॅग (ठरावीक टप्प्यावरची खूण) यांच्या नावांना रेफ म्हणतात आणि जुन्या पद्धतीत प्रत्येक रेफ ही एक स्वतंत्र फाइल असते. तिच्यात चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, आणि ओळ संपल्याची खूण, असे मिळून अवघे ४१ बाइट असतात. अशा हजारो फाइली साठू लागल्या की त्या एका मोठ्या फाइलीत बांधून ठेवता येतात, पण मग त्यातले एक नाव खोडायचे झाले तरी ती सगळी फाइल नव्याने लिहावी लागते. यावर उतारा म्हणून शॉन पिअर्स यांनी २०१७ मध्ये जेगिट या गिटच्या जावा अवतारासाठी रेफटेबल हा साठवणुकीचा प्रकार मांडला. मूळ गिटमध्ये तो २.४५ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आला आणि जुन्या रिपॉझिटरीला, म्हणजे प्रकल्पाच्या कोठाराला, नव्या घरात हलवणारी ‘गिट रेफ्स मायग्रेट’ ही आज्ञा त्याच वर्षी जुलैमध्ये, २.४६ सोबत आली. सुरुवातीला ही आज्ञा रीफ्लॉग, म्हणजे रेफ कधी कोठून कोठे हलला याची रोजनिशी, असलेल्या रिपॉझिटरीला हातच लावीत नसे. जानेवारी २०२५ च्या २.४८ पासून ती रीफ्लॉगही सोबत नेऊ लागली. आता आपल्या समोरचा पॅच म्हणतो की तो नेऊ नये अशी सोय असावी. सर्व्हरवरच्या बेअर, म्हणजे कामाच्या फाइली न मांडता केवळ इतिहास ठेवणाऱ्या, रिपॉझिटरीत रीफ्लॉग सहसा ठेवलाच जात नाही. कधी काळी ठेवला गेला असेल तर माळ्यावरची ती रद्दी नव्या घरात कशाला न्यायची, एवढेच त्याचे म्हणणे आहे. म्हणणे समजण्यासारखे आहे, म्हणूनच त्यावर वेळ घालवू नये.

वेळ घालवण्याची जागा म्हणजे कमिटचा, अर्थात नोंदवलेल्या बदलाचा, संदेश. गिटच्या नियमावलीनुसार हा संदेश आज्ञार्थात, जणू आपण कोडलाच हुकूम सोडत आहोत अशा थाटात लिहावा लागतो. लेखकाने चुकून वर्तमानकाळ वापरला असेल तर आपले अर्धे काम झालेच. विषयाची ओळ पन्नास अक्षरांच्या आसपास आहे का, शेवटी पूर्णविराम तर पडलेला नाही ना आणि अपूर्णविरामानंतरचे (कोलननंतरचे) अक्षर उगाच मोठे तर केलेले नाही ना, हे क्रमाने पाहावे. यातली प्रत्येक चूक वेगळ्या ईमेलने कळवावी. एकाच ईमेलमध्ये चारही चुका सांगितल्यास लेखक त्या एकाच वेळी दुरुस्त करून टाकतो आणि आपला पॅचशी असलेला दीर्घ ऋणानुबंध अकाली तुटतो.

त्यानंतर पर्यायाचे नाव, आणि इथे मात्र घाई करू नये. मराठी घरात बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. पॅचच्या घरात तो तपासनिसाचा असतो. लेखकाने ‘नो-रीफ्लॉग’ असे साधे नाव दिले असेल, तर ते ‘स्किप’ने सुरू व्हावे की ‘ड्रॉप’ने, हा प्रश्न उपस्थित करावा. लेखकाने तुमचे मानून ‘स्किप’ केले की विचारावे, नकाराची परंपरा का मोडली? गिटचा पर्याय वाचणारा कोड ‘नो’ने सुरू होणाऱ्या नावातून ‘नो’ काढून त्याचे होकारार्थी रूपही आपणहून स्वीकारतो, त्यामुळे ‘नो-रीफ्लॉग’ लिहिले की ‘रीफ्लॉग’ फुकट मिळते. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे हे सर्वांना कळणे अत्यंत आवश्यक आहे. तिचा निर्णयाशी काय संबंध, हे कळणे तितकेसे आवश्यक नाही. पॅचच्या पाचव्या आवृत्तीत नाव पुन्हा मूळ पदावर आले, म्हणजे चर्चा फलदायी झाली असे समजावे.

कोडपर्यंत पोहोचण्याचा प्रसंग आलाच, तर नजर डाव्या आणि उजव्या कडेवर ठेवावी. डावीकडे टॅब आहे की स्पेस, उजवीकडे ओळ ऐंशी अक्षरांपलीकडे तर जात नाही ना आणि एकाच विधानाच्या ‘इफ’ला महिरपी कंस तर घातलेले नाहीत ना, एवढे पाहिले की दोन्ही काठ राखले जातात. मध्ये जे वाहत असते त्याची काळजी कंपायलर घेतो.

पॅच स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. या आज्ञेला ‘ड्राय-रन’ नावाची रंगीत तालीम आहे. ती मूळ रिपॉझिटरीला धक्का न लावता स्थलांतरित रेफ एका वेगळ्या फोल्डरमध्ये लिहून ठेवते आणि त्या फोल्डरचे नावही सांगते, म्हणजे पाहणाऱ्याने पाहावे. पण पाहिले की प्रश्न पडतात. उदाहरणार्थ, प्रत्यक्ष स्थलांतरानंतर, आपण सध्या कोणत्या ब्रँचवर आहोत हे सांगणारी हेड ही फाइल उघडली तर तिच्यात आपल्या ब्रँचऐवजी ‘डॉट-इनव्हॅलिड’ असे एक नाव ठेवलेले दिसते, कारण खरे हेड आता रेफटेबलात असते आणि ही फाइल केवळ जुन्या मंडळींची समजूत काढण्यासाठी उरलेली असते. लगेच मनात येते की हेड ही फाइल थेट वाचणाऱ्या आपल्या कार्यालयातल्या स्क्रिप्टांचे काय होईल. अशा विचारांनी झोप उडते, आणि झोप उडालेला तपासनीस पॅचला वेळेवर मान्यता देऊ शकत नाही.

स्थलांतर चालू असताना दुसऱ्या कोणी त्याच रिपॉझिटरीत पुश केले, म्हणजे आपले बदल पाठवले, तर काय होईल, हाही असाच एक गैरसोयीचा प्रश्न. सुदैवाने त्याचे उत्तर दस्तऐवजातच लिहिलेले आहे: एकाच वेळी होणारे लिखाण अडवण्याची सोय या आज्ञेत नाही, त्यातून विसंगत अवस्था निर्माण होऊ शकते आणि ते वरच्या पातळीवर थांबवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. घर हलवताना पाहुणे येऊ नयेत याची काळजी घरमालकाने घ्यावी, असा हा सरळ व्यवहार आहे. आपण त्या परिच्छेदात स्वल्पविराम सुचवावा.

आता सर्वांत नाजूक बाब, जिच्याबद्दल एक अक्षरही काढू नये: स्टॅश. अर्धवट काम बाजूला ठेवण्यासाठी आपण सगळेच स्टॅश वापरतो आणि ते कोठेतरी सुरक्षित रचून ठेवलेले असतात अशी आपली श्रद्धा असते. वस्तुस्थिती अशी की स्टॅशसाठी रेफ एकच असतो आणि तो फक्त सर्वांत अलीकडच्या स्टॅशकडे बोट दाखवतो. त्याआधीच्या सगळ्यांचा पत्ता त्या रेफच्या रीफ्लॉगमध्ये, आणि केवळ तिथेच, लिहिलेला असतो. म्हणजे ज्याला आपण माळ्यावरची रद्दी समजलो, तिच्यातच घराची खरेदीखते होती. रीफ्लॉग मागे टाकला की ते जुने स्टॅश बेवारस होतात आणि दोन आठवड्यांहून जुन्या बेवारस वस्तू पुढच्या झाडलोटीत गिट केरात काढतो. ब्रँचवरून चुकून उडवलेल्या कमिटांचीही तीच गत. एरवी रीफ्लॉग अशा कमिटांची नोंद तीस दिवस आणि बाकीची नव्वद दिवस सांभाळतो. सर्व्हरवर कोणी स्टॅश करीत नाही हे खरे, पण हा पर्याय सर्व्हरपुरताच आहे असे कोठे लिहिले आहे? हा प्रश्न विचारलात तर दस्तऐवजात दोन ओळींचा इशारा वाढेल, स्टॅश असलेल्या रिपॉझिटरीची एक टेस्ट वाढेल, लेखक आभार मानील आणि चर्चा दोन ईमेलांत संपेल. इतक्या लवकर संपलेल्या चर्चेला चर्चा कोण म्हणेल?

पॅच पाठवणारा नवखा असेल तर ही पथ्ये अधिक काटेकोरपणे पाळावीत. नवख्यांना मुक्त-स्रोत प्रकल्पांत काम करायला देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमासाठी अर्ज करणाऱ्यांना गिटमध्ये आधी एक लहानसा पॅच सादर करावा लागतो, आणि अशा अर्जदारांत आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थीही असतात. परीक्षेत समासासाठी गुण कापले गेलेल्या या मुलांना टॅबसाठी पॅच परत आला तर परकेपणा वाटत नाही.

सातव्या आवृत्तीनंतर सुचवण्यासारखे काही उरले नाही, की संदेशाच्या शेवटी ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासणारा) या ओळीत आपले नाव द्यावे. नियमावली म्हणते की सविस्तर विश्लेषणानंतर पूर्ण समाधान झाले असेल तरच ही मोहोर तपासनिसाने स्वतः द्यावी. सात आवृत्त्यांचे सविस्तर विश्लेषण आपण केलेलेच आहे आणि समाधान तर पहिल्याच आवृत्तीपासून होते. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, तो पॅच स्वीकारतील, नवी आवृत्ती निघेल आणि एखाद्या शनिवारी आपल्यालाही आपली जुनी रिपॉझिटरी रेफटेबलवर नेण्याची इच्छा होईल. त्या वेळी मात्र सगळ्या फोल्डरची आधी एक प्रत काढून ठेवावी, नवा पर्याय न देता आज्ञा चालवावी आणि मग ‘गिट स्टॅश लिस्ट’ लिहून आपले चौदाच्या चौदा स्टॅश जागेवर आहेत ना, ते दोनदा मोजावे.