‘घेताना सावकार, देताना भिकारी’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलाबद्दल (फासे टाकून खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ) तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तक्रारी तीन आहेत. फ्लेम टंग ही जादूची पेटती तलवार खेळातल्या गावातल्या व्यापाऱ्याने १,२५० सोन्याच्या नाण्यांत घेतली आणि पुढच्याच रविवारी त्याच्याच दुकानात ती ५,००० ला टांगलेली दिसली. जखमा भरणाऱ्या औषधाचे, म्हणजे हीलिंग पोशनचे मात्र दर वेळी पुरते ५० मोजावे लागले. आणि बॅग ऑफ होल्डिंग (भरपूर माल मावणारी जादूची पिशवी) मागितली तर सरळ ‘नाही’ आलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘इथला डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) घेताना सावकार, देताना भिकारी.’

आमची चूक आधी सांगतो, कारण ती खरी आहे.

तलवार रेअर, म्हणजे दुर्मिळ दर्जाची. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात, २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये विक्रीसाठी तिची मूळ किंमत ५,००० धरतात. आपण त्याच पुस्तकातली पद्धत खेळतो. आधी डीसी २० ची इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे गिऱ्हाईक शोधायला फासा आणि कौशल्य मिळून किमान २० यायला हवेत. जमली तर रेअर वस्तूला गिऱ्हाईक मिळायला १डी८ दिवस (आठ बाजूंच्या एका फाशावर येतील तितके), नाही जमली तर १० दिवस पायपीट करून हात हलवत परत. गिऱ्हाईक मिळालं की शंभराचा फासा, त्यात परसुएशनची (मन वळवण्याच्या कौशल्याची) बेरीज, आणि रेअर म्हणून १० वजा. तुमचा फासा १९, परसुएशन १४, वजा १०, एकूण २३. आता २१ ते ४० च्या ओळीत गिऱ्हाईकं दोन असतात. सरळ व्यापारी पाव किंमत देतो, १,२५०. दुसरा माणूस संशयास्पद असतो, पण अर्धी किंमत देतो, २,५००. आमच्या डीएमने पहिलाच भाव सांगितला, दुसरा सांगायचा राहिला. दुसऱ्याशी व्यवहार करण्यात धोका असतो, तरी तो पत्करायचा की नाही हे ठरवणं तुमचं काम होतं. ते तुमच्या हातून काढून घेतलं गेलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

दुसरी चूक म्हणजे ती तलवार त्याच दुकानात टांगणं. हे गाव ३०० वस्तीचं आहे. गावात किती रोकड असावी याचा सरळ हिशेब खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत (२००३) आहे, म्हणून आम्ही तोच धरतो. ८१ ते ४०० वस्तीच्या खेड्यात १०० नाण्यांहून महाग वस्तू विकायला नसते. रोकड काढायची तर या मर्यादेचे निम्मे, गुणिले वस्तीचा दहावा हिस्सा, म्हणजे ५० गुणिले ३०, सगळ्या गावात मिळून १,५००. त्यातले १,२५० एकट्या व्यापाऱ्याने तुम्हाला मोजले. तिथे ५,००० ची पाटी कोणासाठी लावायची? पाचव्या आवृत्तीत साध्या मजुराची रोजी चांदीची २ नाणी आहे आणि सोन्याच्या एका नाण्याची चांदीची १० होतात. म्हणजे ती तलवार घ्यायला मजुराला २५,००० दिवस राबावं लागेल, ६८ वर्षं. पाउंडात ५० नाणी बसतात, त्या हिशेबाने किंमतच १०० पाउंड भरते, साधारण ४५ किलो. कापसाच्या अर्ध्या क्विंटलला थोडंच कमी, आणि तेही सोनं. असा माल व्यापारी रातोरात बंडीत घालून शहराकडे नेईल. त्याचं दुकान मांडताना हा विचार व्हायला हवा होता.

पण पाव किंवा अर्धी किंमत मिळणं हीच फसवणूक, हे मला मान्य नाही. आपल्याकडे बाजार समितीत कापूस नेला की हर्रास होतो, चार व्यापारी बोली लावतात, ओलावा मीटरवर दिसतो. जादूच्या तलवारीला यातलं काहीच नाही. नग एक आणि गिऱ्हाईकही एकच. फ्लेम टंगला अट्यूनमेंट (वस्तूशी जादूचं नातं जोडणं) लागतं, आणि एका माणसाला अशा तीनच वस्तू बाळगता येतात. म्हणजे घेणाऱ्याकडे जागा रिकामी हवी. त्यात शाप. आयडेंटिफाय मंत्राने वस्तूचे गुण कळतात, शाप बहुधा कळत नाही. ओलाव्याला मीटर आहे, शापाला नाही. ती सगळी जोखीम व्यापारी आपल्या भावात धरतो.

आणि पूर्ण किंमत दिली तर खेळाचं काय होतं, तेही बघा. ५,००० मध्ये १०० हीलिंग पोशन येतात. एक पोशन २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे, अधिक २), सरासरी ७. म्हणजे एका तलवारीचे ७०० हिट पॉइंट, पात्राच्या जिवाचे गुण. तुमच्या पातळीवर एवढा साठा जवळ असला की कोणत्याही गुहेत भीती उरत नाही. तिसऱ्या आवृत्तीत हे गणित मुद्दाम शून्यावर आणलं होतं: वस्तू बनवायला बाजारभावाच्या निम्मा खर्च, विकली तरी निम्मेच, वरून किमतीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका एक्सपी (अनुभवाचे गुण) जायचा. चौथ्या आवृत्तीत (२००८) विकताना पाचवाच हिस्सा मिळे. पाचव्या आवृत्तीच्या पुरवणीत, झॅनाथरच्या पुस्तकात (२०१७) रेअर वस्तू २,००० नाणी आणि १० आठवड्यांत बनते, आणि विक्रीचा फासा बरा पडला तर ४,००० ला जाते. याने पैसे दुप्पट होत राहतील असं वाटतं, पण तिला लागणारा खास जिन्नस सीआर (ताकदीचा आकडा) ९ ते १२ च्या प्राण्याशी लढूनच आणावा लागतो. लगाम तिथे आहे. तो जिन्नस फुकट देणाऱ्या टेबलावर दोन महिन्यांत पैशाला किंमत राहत नाही.

एका बाबतीत मात्र डंजन मास्टर्स गाइडचा भाव आम्हालाही पटत नाही. +१ तलवार अनकॉमन (रेअरच्या एक पायरी खालची) आणि उडता येणारा ब्रूम ऑफ फ्लाइंगही अनकॉमन, दोन्ही १०१ ते ५०० च्या पट्ट्यात. बिनजादूचं प्लेट चिलखत मात्र १,५०० चं! दर्जावरून वस्तू किती कामाची ते कळत नाही. म्हणून उडवणाऱ्या वस्तूंना आमच्याकडे रेअरचा भाव लागतो. हा घरचा नियम आहे आणि तो पहिल्याच बैठकीत सांगायला हवा होता.

पोशनचे ५० बदलणार नाहीत, ती यादीतली किंमत आहे. पण तुमच्या गटात ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) आहे, आणि ड्रुइडला हर्बलिझम किट, म्हणजे जडीबुटीचं साहित्य, वापरता येतंच. एक दिवस आणि २५ नाणी, की एक पोशन तयार. मोहिमांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यात ती बनवून ठेवा, खर्च निम्म्यावर येईल.

बॅगेला ‘नाही’ म्हणून विषय संपवणंही बरोबर नव्हतं. खेड्यात ती नाहीच मिळणार, पण शहराचा रस्ता आहे: एक आठवडा शोध, १०० नाणी खर्च, मग परसुएशन. अनकॉमन वस्तू नाव घेऊन मागितली तर बेरीज १५ लागते. जास्तीच्या दर आठवड्याला किंवा दर १०० नाण्यांना +१, जास्तीत जास्त +१०. मिळाली तर किंमत १डी६ गुणिले १००, म्हणजे ६०० च्या वर नाही. ५०० पाउंड माल मावतो आणि पिशवी स्वतः १५ पाउंडचीच. नाण्यांची ओझी वाहणाऱ्या गटाला मी तलवारीआधी हीच घ्यायला सांगेन.

आता तुमच्या सौद्याचं. पोळ्यानंतरच्या रविवारी तो तिथूनच परत मांडू, बेरीज तीच २३ धरून. संशयास्पद माणसाला २,५०० ला विका, किंवा १,२५० परत करून तलवार ठेवा, किंवा झालं ते तसंच राहू द्या. त्या दिवशीचे टेबलाचे पैसे तुमच्या गटाकडून घेणार नाही. विक्रीचा पूर्ण तक्ता मराठीत छापून टेबलावर ठेवलाय, दोन्ही गिऱ्हाईकांसकट. फासा टाकण्याआधी तो मागून घ्या, आणि येताना तुमची जुनी कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदीचा कागद) आणा, नाण्यांचा हिशेब तिच्यावरच आहे.