कांताबेन दचकते तेव्हा आपण कशाला हसतो?

एक संदेश बरेच दिवस फिरतोय: 'सिनेमातली गे पात्रं म्हणजे निव्वळ करमणूक. ते लोक असतातच तसे. सरदारजींवर, मारवाड्यांवरही विनोद होतात, तेव्हा कुणी रडत नाही. आणि प्रेक्षकांना दुसरं काही बघायचंच नसतं.' नातेवाइकांच्या ग्रुपवरही तो आला, म्हणून लिहितोय.

'असतातच तसे.' काही असतात. लचकत चालतात, हात नाचवत बोलतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तक्रार लचकण्याची नाहीच. त्यापलीकडे त्या पात्राला काही दिलेलंच नसतं: ना घर, ना आई, ना कुणावर जडलेला जीव. 'स्टुडंट ऑफ द इयर'मधले (२०१२) ऋषी कपूर यांचे डीन आठवा. प्रशिक्षकाकडे बघून विरघळायचं, हेच त्यांचं काम. शिवाय चालण्याबोलण्यावरून माणूस ओळखता येतो, हा समज मराठी प्रेक्षकाने तरी सोडायला हवा होता. 'नटरंग'मधला गुणा पैलवानी अंगाचा, संसारी गडी. कलेपायी नाच्या होतो आणि लोक त्याची विटंबना करतात, तेव्हा थिएटरात आपला घसा दाटला होता. हावभाव वेगळे आणि मनाची ओढ वेगळी, हे तिथे आपल्याला कळलं होतं की!

'कुणी रडत नाही.' सरदारजीवर विनोद झाला तर सरदार मुलगा घरी जाऊन बापाला सांगू शकतो. बापही सरदारच असतो. समलिंगी मुलगा बहुतेकदा स्वतःच्या घरातही एकटा. 'कल हो ना हो' (२००३) आम्ही घरचे सगळे मिळून पाहिला. दोन नायक एकत्र दिसले की घरकाम करणारी कांताबेन दचकायची आणि आमच्याकडे हशा पिकायचा. त्या दोघांत समलिंगी कुणीच नाही; तसं कुणाला वाटलं, एवढाच विनोद. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. गप्प बसलो असतो तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. सज्ञानांच्या संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ला. सरदार असल्याबद्दल असं कलम कधी नव्हतं.

'निव्वळ करमणूक.' रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१०मध्ये ते एका पुरुषासोबत असताना कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली. विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. हे सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण दोन पुरुष खोलीत आहेत म्हटल्यावर दार ढकलून बघणं ही गंमत वाटावी, ही सवय अशा विनोदांनीच मुरते. हंसल मेहतांच्या 'अलीगढ'मध्येही सिरसांच्या खोलीत कॅमेरा जातो. तिथे मनोज बाजपेयी एकटे बसून लताबाईंचं गाणं ऐकत असतात. कितीतरी वेळ, नुसतं ऐकत.

'दुसरं बघायचंच नसतं.' मोठा भाऊ समलिंगी असलेला 'कपूर अँड सन्स' (२०१६) चांगला चालला. त्याआधी दहा वर्षं अमोल पालेकरांनी मराठीत याच विषयावर 'थांग' केला होता. आणि रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. बालमित्र बाळ्या भेटतो. आईला सगळं ठाऊक असतं. तो बघताना मी एक-दोनदा हसलोही, आणि माझ्याकडे कोण बघतंय हे एकदाही तपासलं नाही.