‘हार्डरवर का नाही लिहिलंत?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून येऊन डेन्मार्ककडून खेळलेल्या फुटबॉलपटू नादिया नादिमवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग मूळ लेख शेजारी उघडून ती पुन्हा वाचली, तेव्हा राग बराचसा माझ्याकडेच वळला. म्हणून दोन ओळींत आभार मानून सटकत नाही, सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ती डेन्मार्कमध्येच जन्मली असती तर अशा मध्यम दर्जाच्या स्ट्रायकरवर (गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूवर) कुणी लेख लिहिला नसता, तिच्याच संघातली पेर्निल हार्डर सोडून मी सहानुभूतीवर लेख उभा केला. शिवाय ‘जिद्द, जिद्द’ म्हणत बाकीच्या निर्वासितांच्या डोक्यावर एक न पेलणारं उदाहरण ठेवलं. आणि कतारच्या विश्वचषकाशी तिचा असलेला संबंध सोयीस्करपणे गाळला.

आधी फुटबॉल, कारण तिथे तुमचं मला अजिबात पटलेलं नाही. हार्डर श्रेष्ठ आहे, यात वादच नाही. युरोपातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिची दोनदा निवड झाली, २०१८ आणि २०२० मध्ये. पण हार्डर मागे येऊन चेंडू घेणार, वळणार, धावणार, तर समोर कुणीतरी दोन सेंटर-बॅकना (मधल्या बचावपटूंना) अडकवून ठेवायला हवं ना? ते काम नादियाचं. धक्के खायचे, पाठ देऊन उभं राहायचं, आणि नव्वद मिनिटांत एखादीच संधी मिळाली तरी ती घ्यायची. हे काम दिसायला देखणं नसतं, त्यामुळे आकडेवारीचा एक रकाना पाहून ‘मध्यम दर्जा’ म्हणणं सोपं जातं.

२०१७ च्या महिलांच्या युरोची (युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची) उपांत्यपूर्व फेरी आठवा. समोर जर्मनी, सलग सहा वेळा युरो जिंकलेली. पावसामुळे सामना दुसऱ्या दिवसावर गेला आणि सुरू होताच तिसऱ्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला. मध्यंतरानंतर चार मिनिटांत बरोबरी साधली ती नादियाने, मग तेरेसा नील्सनच्या गोलने डेन्मार्क २-१ असा जिंकला. अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहाव्या मिनिटाची पेनल्टीही तिनेच मारली. यजमानांच्या भरलेल्या स्टेडियममध्ये, शिट्ट्यांच्या गदारोळात. डेन्मार्क ४-२ ने हरला, पण ती पेनल्टी सहानुभूतीपोटी कुणी तिच्या हाती दिली नव्हती. क्लबचंही तसंच. २०१४ मध्ये अमेरिकेत स्काय ब्लूकडून सहा सामन्यांत सात गोल, २०१७ मध्ये पोर्टलंड थॉर्न्सबरोबर लीगचं विजेतेपद, आणि २०२०-२१ मध्ये पॅरिस सां-जर्मांने फ्रेंच लीगमधली ल्योनची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडली तेव्हा ती त्या संघात होती. मँचेस्टर सिटीत मात्र तिचं जमलं नाही, वर्षभरातच ती तिथून बाहेर पडली. मूळ लेखात हे मी एका अर्ध्या वाक्यात गुंडाळलं होतं, ते चुकलंच.

आता जिद्द. मूळ लेखात हा शब्द किती वेळा आला ते मोजलं. सहा वेळा आहे, त्यातला दोनदा एकाच परिच्छेदात. तुम्ही बोट ठेवलंत ते अगदी दुखऱ्या जागी.

कारण खरं सांगायचं तर तिच्या कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या वळणावर जिद्दीचा फारसा संबंधच नव्हता, तिथे योगायोग होता आणि कागद होता. वडील अफगाण सैन्यात जनरल, तालिबानने त्यांना ठार केलं. आई पाच मुलींना घेऊन पाकिस्तानमार्गे निघाली आणि ट्रकमधून शेवटी डेन्मार्कला उतरली. जायचं होतं लंडनला! निर्वासितांच्या छावणीला लागून फुटबॉलची मैदानं होती, तिथे मुली खेळत होत्या. ट्रक दुसरीकडे थांबला असता, किंवा छावणीशेजारी नुसतं गोदाम असतं, तर आज तुम्ही-मी कशावर भांडलो असतो कोण जाणे.

आणि कागद होता तो फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा. त्या वेळच्या नियमानुसार, नंतर नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला वयाच्या अठराव्या वर्षानंतर त्या देशात सलग पाच वर्षं राहावं लागे, त्याशिवाय राष्ट्रीय संघातून खेळता येत नसे. नादियाचा जन्म जानेवारी १९८८ चा. म्हणजे बारा-तेराव्या वर्षापासून तिथे राहून, तिथेच खेळ शिकूनही तिला २०११ पर्यंत थांबावं लागलं असतं. नियम केला होता तो पैसे देऊन तयार खेळाडू आयात करणाऱ्या देशांना रोखायला, सापडली ही पोर. डॅनिश महासंघाने तिची बाजू मांडली, फिफाने सवलत दिली, आणि २००९ मध्ये अल्गार्व्ह कप या पोर्तुगालमधल्या महिलांच्या स्पर्धेत ती अमेरिकेविरुद्ध उतरली. २०२० मध्ये फिफाने हा नियमच बदलला. लहानपणी देशात आलेल्यांना आता अठरा वर्षं पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही.

हे सगळं मला लेख लिहितानाही माहीत होतं. तरी गाळलं, कारण नियमांचा परिच्छेद रटाळ वाटेल अशी धास्ती होती. त्यामुळे ‘तिने मनात आणलं आणि केलं’ असा लेख झाला, आणि ज्यांच्यासाठी कुणी असा अर्ज केलाच नाही त्यांच्यात जणू जिद्द कमी होती, असा अर्थ निघाला. तो मला अभिप्रेत नव्हता. पण निघतो.

कतारबद्दल बचाव करत नाही. २०२२ च्या विश्वचषकाची ती राजदूत होती आणि डेन्मार्कमध्ये तिच्यावर भरपूर टीका झाली. त्याच स्पर्धेत डॅनिश संघाच्या जर्सीवरची चिन्हं, कतारमधल्या स्थलांतरित मजुरांच्या हालांचा निषेध म्हणून, फिकी करण्यात आली होती, म्हणजे डेन्मार्कमध्ये हा विषय किती तापला होता ते कळेल. अशा देशात फुटबॉल नेल्याने बदल घडतो, अशी तिची भूमिका. मला ती पटत नाही. स्थलांतरित मजुरांचा प्रश्न समोर असताना, स्वतः एकेकाळी परक्या दारात उभ्या राहिलेल्या व्यक्तीकडून माझी जास्त अपेक्षा होती. (ही अपेक्षा आम्ही दुसऱ्या कुठल्या स्ट्रायकरकडून करतो का? हा प्रश्न स्वतःला विचारतेय, तुम्हाला टोमणा नाही.) तरीही मी गाळलं, ते वाचकाला चित्रात डाग नको असतो असं गृहीत धरून. तुम्ही ते गृहीतक खोटं ठरवलंत.

मूळ लेखात कतारचा आणि फिफाच्या नियमाचा असे दोन परिच्छेद जोडले आहेत. सहापैकी पाच ‘जिद्द’ काढल्या. एक ठेवली आहे, खेळत असतानाच वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून २०२२ च्या सुरुवातीला ती डॉक्टर झाली त्या वाक्यात. तीही नको असेल तर कळवा, पण तिच्यासाठी मी भांडेन.