खुलासा: मोठा कपॅसिटर टाकून पंखा पळवू नका

‘पंखा हळू फिरतोय? २.५ऐवजी ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, वेग दुप्पट!’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला चुकीचा आणि धोकादायक आहे. कपॅसिटर म्हणजे पंख्याच्या मोटरला फिरायला मदत करणारा, वीज साठवणारा छोटा भाग; त्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. कपॅसिटर कितीही मोठा असला तरी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर पंख्याची १४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर मिनिटाला सुमारे ४२८ फेऱ्यांपलीकडे जाऊच शकत नाही. मोठ्या कपॅसिटरमुळे सहायक वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत) जादा करंट जातो, मोटर तापते, तारेवरचं इनॅमल (वीजरोधक लेप) जळतं.

वेग मंदावतो तो बहुधा जुन्या कपॅसिटरची क्षमता घटल्यामुळे. जुन्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच व्होल्टचा (सहसा ४४०) नवा बसवा. आधी एमसीबी (वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडा. नुसतं बटण पुरेसं नाही, काही घरांत ते चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं, म्हणजे बंद केलं तरी पंख्यात वीज राहते. मग पाती हाताने फिरवून बघा. अडखळली किंवा खरखरली तर दोष बेअरिंगचा आहे.