"समजलं का?" "होऽऽ!"

पुन्हा तेच! लेकीच्या चौथीच्या वर्गात बाई भागाकार शिकवतात, "समजलं का?" विचारतात, अख्खा वर्ग "होऽऽ" करतो आणि फळा पुसला जातो. घरी येऊन पोर रडते, बाकी कुठून आली तेच कळलेलं नसतं. अहो, भर वर्गात "नाही" कोण म्हणेल? म्हटलंच, तर "लक्ष कुठे होतं तुझं?" ऐकायचं! मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकातच दाखवलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. दोनच सेकंद मागतेय, बाई! "बाकी २ का उरली, सांग बरं" असं विचारा आणि थांबा ना जरा!