हॅडाकॉल म्हणजे नुसती दारू नव्हती

अमेरिकेतील लुइझियानाचे राज्य सिनेटर डडली लब्लांक यांच्याविषयी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते : औषधविक्रीतून राजकारणात घुसलेल्या या केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच भाषिक समाजातल्या, ठगाने हॅडाकॉल या बाटलीबंद टॉनिकातून व्हिटॅमिनच्या नावाखाली निव्वळ दारू विकली, सरकारने तिच्यावर बंदी आणली आणि तोवर हे गृहस्थ 82 लाख डॉलर घेऊन मोकळे झाले. गोष्ट रंगतदार आहे खरी, पण तिचे एकही कलम जसेच्या तसे टिकत नाही.

पहिल्या कलमात क्रमच उलटा आहे. लब्लांक 1924 मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि 1932 मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत राज्याचे प्रबळ नेते ह्युई लाँग यांचे उमेदवार ऑस्कर अ‍ॅलन यांच्याकडून हरले. हॅडाकॉल आले ते त्यानंतर दशकभराने.

दारूचा आरोप अधिक बारकाईने पाहावा लागतो. हॅडाकॉलमध्ये 12 टक्के अल्कोहोल होते आणि ते केवळ टिकाऊपणासाठी आहे, हा लेबलवरचा खुलासा भाबड्या माणसालाही पटणार नाही. मात्र दिवसातून चार वेळा एक मोठा चमचा, या सांगितलेल्या मात्रेत जेमतेम सात मिलिलिटर अल्कोहोल पोटात जाई. दारूबंदी असलेल्या भागांत अख्खी बाटली रिचवणारे होते, ही गोष्ट वेगळी. बी गटातील व्हिटॅमिने आणि लोहही त्यात खरोखरच होते. मक्यावर गुजराण करणाऱ्या दक्षिणेतील गरिबांना नायासिन या बी गटातील व्हिटॅमिनच्या अभावी पेलाग्रा हा आजार होत असे, तेव्हा ती व्हिटॅमिने निरुपयोगी म्हणता येत नाहीत; पण 1940 च्या दशकात पिठातच ती मिसळली जाऊ लागल्यावर सव्वा डॉलरच्या बाटलीची गरज उरली नव्हती. लब्लांक यांच्यावरचा खरा आक्षेप हाच असायला हवा, आणि तो दारूच्या आरोपापेक्षा जड आहे : साध्या पूरक द्रव्याला त्यांनी रुग्णांच्या प्रशस्तिपत्रांच्या जोरावर रामबाण औषधाचे रूप दिले.

बंदी कधी आलीच नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने 1951 मध्ये तक्रार केली ती जाहिरातींतील दाव्यांबद्दल. कंपनी बुडाली ती त्याच जाहिरातींच्या खर्चाने : 1950 ची विक्री दोन कोटी डॉलरच्या घरात होती, पण विनोदी नट बॉब होप, गायक हँक विल्यम्स यांच्यासारख्यांना घेऊन गावोगाव फिरणारे, हॅडाकॉलच्या खोक्यांच्या झाकणांवर प्रवेश देणारे जलसे फारच खर्चिक ठरत गेले.

राहिले 82 लाख. न्यूयॉर्कच्या खरेदीदारांशी 1951 मध्ये ठरलेला हा आकडा कागदावरचा होता. लब्लांक यांच्या हाती रोख आले ते अडीच लाख, बाकीचे पुढच्या नफ्यातून मिळायचे होते. तो नफा झालाच नाही. काही आठवड्यांतच कंपनीची देणी उघडी पडली आणि साडेसहा लाखांहून अधिक थकीत कराची मागणीही पुढे आली. लब्लांक कुठे पळाले नाहीत. ते 1952 मध्ये त्याच मतदारांपुढे गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पहिल्याच फेरीत बाद झाले.