जत्रा पौर्णिमेला नसते हो!

परवा चैत्र पौर्णिमेला सकाळी साडेदहाला दाजींची गाडी पुण्याहून येऊन दारात उभी राहिली. दाजी, ताई, दोन भाचे, दाजींचे मित्र, मित्राची बायको आणि त्यांची एक शेजारीण. सात माणसं आमच्या गावच्या जत्रेला आली होती. जत्रा असते वद्य अष्टमीला, म्हणजे अजून आठ दिवसांनी.

"मी सांगत होते," ताई पाय धुता धुता म्हणाली. "ह्या गावात जन्मले मी. पण मोबाईलपुढं बायकोचं कोण ऐकतंय?"

दाजींनी माझंही ऐकलं नाही. मराठी विकिपीडियावरचं आमच्या गावाचं पान उघडून ते तडक देवळाकडे निघाले. मी मागोमाग. मैदानात एक शेळी होती आणि खराटा मारणारा गुरव होता. पाळणा नाही, पिपाणी नाही, भज्यांचा घाणा नाही.

"पावणं, जत्रा म्होरल्या आठवड्यात."

"अहो, इथं स्पष्ट लिहिलंय. चैत्र पौर्णिमा."

गुरवानं खराटा भिंतीला टेकवला, हात धोतराला पुसले, मोबाईल लांब धरला, मग जवळ धरला. "कुणी लिवलंय ह्ये?"

"सगळ्यांनी मिळून."

"मला न्हाई कुणी इचारलं."

"तसं विचारत नसतात. कुणीही लिहू शकतं."

"मंग कुणीबी लिवलंय म्हना की."

दाजींचा आवाज चढला. "खाली संदर्भ दिलाय. पेपरातला!"

"पेपरवाला आलता व्हय हितं?"

"येऊ दे नाहीतर न येऊ दे. छापलंय ना?"

"मंग त्येलाच म्हनावं, ये आन् पालखी उचल."

एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस परत फिरला असता. दाजींनी नारळ आणलाच होता, तो गुरवाकडून फोडून घेतला. सगळ्यांना पायरीवर उभं करून फोटो काढला आणि 'ग्रामदैवताच्या जत्रेत सहकुटुंब' असं लिहून सगळीकडे पाठवला. शेळीही आली फोटोत. घरी सात पानं वाढली, पिठलं आणि भात. दाजी ताटाकडे बघत म्हणाले, "जत्रेला पुरणपोळी असते असं लिहिलंय."

ते गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. मी कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी पोरांना विकीवर लिहायला लावतो. पाच जणांचा गट, गटाला एक गाव. चिकटवाचिकटवी चालणार नाही, वाक्याला संदर्भ द्या, चर्चा पानावर चार टिल्डा (~~~~) देऊन सही करा, आणि चूक दिसली तर कुरकुरत बसू नका, दुरुस्त करा. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणत असेन. 'पौर्णिमा' खोडून 'वद्य अष्टमी' केलं. चहा निवायच्या आत संपादन उलटवलेलं, म्हणजे पुन्हा पौर्णिमा.

विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसला 'विकी विकी' म्हणत. त्यावरून वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 साली आपल्या संकेतस्थळाला ते नाव दिलं. आमच्या गावाला येणारी एसटी त्यांनी पाहिली असती तर नाव वेगळं पडलं असतं, ते असो. केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले, त्यांना असं चहाच्या कपाएवढ्या वेळात कुणी पुसू शकलं नाही.

माझ्या चर्चा पानावर निरोप होता. 'नमस्कार. आपण ससंदर्भ मजकूर काढल्याचे दिसते. कृपया सरावासाठी धूळपाटी वापरावी.' धूळपाटी! एकवीस वर्षं फळ्यापुढं काढलेल्या माणसाला! मी लिहिलं, 'मी याच गावचा आहे.' उत्तर आलं, 'व्यक्तिगत माहिती हा संदर्भ होऊ शकत नाही.' आता हेच वाक्य मी पोरांना ऐकवतो, अगदी याच सुरात. म्हणून जास्त झोंबलं.

पण संदर्भ आणू कुठून? 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये आमच्या देवाला जागा मिळालेली नाही. देवळाच्या पायरीवर 'चैत्र वद्य 8, शके 1879' असं कोरलंय, त्याचा फोटो दाखवला. तर म्हणे पायरीवर जत्रा हा शब्द कुठे आहे? नाहीये. ज्याला कोरायला सांगितलं त्याला वाटलं असेल, हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडचं निम्मं गाव 'सगळ्यांना माहीत आहे' या एकाच दप्तरात जमा आहे, आणि ते माहीत असलेली माणसं दरवर्षी कमी होतात. गुरव सत्तरीचा आहे. त्याचा पोरगा भोसरीत कंपनीत असतो.

मग चिडून पानाचा 'इतिहास' उघडला. विकीत हे एक बरं असतं, कुणी कधी काय घातलं ते सहजासहजी पुसता येत नाही. पेपरातला लेख जानेवारीतला, एका पुरवणीतला. वाक्यंच्या वाक्यं विकीवरून उचललेली, पौर्णिमेसकट. महिन्याभरात कुणा भल्या माणसानं तोच लेख आणून त्या पौर्णिमेला संदर्भ म्हणून डकवला. आणि पौर्णिमा मुळात घातली कुणी? गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, रात्री 11.52 ला, माझ्याच वर्गातल्या एका पोरानं. प्रकल्प जमा करायची शेवटची रात्र. तपासणी मी केली होती. वही काढून पाहिली, दहापैकी नऊ. शेरा, 'माहिती छान'.

त्याला फोन लावला. "सर, जत्रा पौर्णिमेलाच असतात ना बहुतेक?" म्हणाला. मग जरा थांबून, "त्याचे मार्क आता कमी नाही ना होणार?"

चावडीवर सगळं सविस्तर लिहून टाकलंय, चार टिल्डांसह. विकीवरच्या सार्वजनिक चर्चेच्या पानाचं नाव चावडीच आहे आणि कामही चावडीच्याच गतीनं चालतं. अष्टमी अजून सहा दिवसांवर आहे आणि पान पौर्णिमेवर ठाम आहे. आज सकाळी दाजींचा फोन आला होता. पुरणपोळीसाठी परत यायची तयारी आहे म्हणाले.

"पण आधी पानावर बदलू दे," म्हणाले. "बदललं की निघतो."